बिही नसली तरी जांब आहेत : स्पॅनिश वडीचा गोव्यातून आलेला धडा

नागपूर : हिवाळा सुरू झाला की शहरातील बाजारांत आणि रस्त्याकडेच्या हातगाड्यांवर जांबांचे ढीग दिसू लागतात. पुण्या-मुंबईकडे ज्याला पेरू म्हणतात, तेच हे विदर्भातले जांब. हे फळ फार काळ टिकत नाही. हौसेने किलो-दोन किलो आणावे, तर तीन-चार दिवसांत निम्मे मऊ पडतात. या फळाची टिकाऊ वडी करण्याची एक जुनी रीत गोव्यात आहे. तिचे मूळ स्पेन-पोर्तुगालमधल्या एका वेगळ्याच फळात सापडते.

ते फळ म्हणजे बिही, इंग्रजीत क्विन्स. दिसायला नासपतीसारखे, पिवळे, अतिशय सुगंधी; पण कच्चे खावे तर तुरटपणाने जीभ जड होते. भारतात ते काश्मीरमध्ये पिकते. आपल्याकडे ते फळ म्हणून नव्हे, तर बियांच्या रूपाने ओळखीचे आहे. काष्ठौषधींच्या दुकानात खोकल्यासाठी मिळणारा, पाण्यात भिजवताच बुळबुळीत होणारा बिहीदाणा तो हाच. स्पेनमध्ये या फळाला ‘मेंब्रिल्यो’ म्हणतात. त्याचा गर साखरेत तासन्‌तास आटवला की पांढुरका रंग पालटून विटकरी तांबडा होतो आणि थंड झाल्यावर सुरीने कापता येईल अशी घट्ट वडी तयार होते. तिचा काप मेंढीच्या दुधाच्या मांचेगो चीजबरोबर खाण्याची तेथे पद्धत आहे. पोर्तुगीज भाषेत फळ ‘मार्मेलो’ आणि वडी ‘मार्मेलादा’. इंग्रजीतला ‘मार्मलेड’ हा शब्द त्यातूनच आला.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, तेव्हा ही पाककृती ठाऊक असलेली माणसे कोकण किनाऱ्यावर आली. परंतु बिहीला कडक थंडी लागते; गोव्याच्या दमट हवेत ती होणे शक्य नव्हते. तिची जागा अमेरिका खंडातून आलेल्या पेरूने घेतली आणि ‘पेराद’ जन्माला आली. नाताळच्या फराळाच्या ताटात शंकरपाळ्याच्या आकारात कापलेली पेराद आजही असते. ब्राझीलमध्येही पोर्तुगीजांनी हेच केले. तेथील पेरूच्या वडीला ‘गोइयाबादा’ म्हणतात. गंमत अशी, की आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये पेरूला ‘बिही’ असेच म्हणतात.

ही अदलाबदल जमली त्याचे कारण चवीत नाही, तर पेक्टिनमध्ये आहे. फळांच्या पेशींना बांधून ठेवणारा हा पदार्थ बिहीप्रमाणेच पेरूतही भरपूर असतो. शिजताना तो पाण्यात उतरतो. पुरेशी साखर आणि पुरेसा आंबटपणा मिळाला, की त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि गर घट्ट बसतो. यांपैकी एक गोष्ट जरी उणी पडली, तरी वडीऐवजी जॅम हाती येतो. अनेकींची पेराद फसते ती येथेच. फार पिकलेल्या फळात पेक्टिनचा ऱ्हास झालेला असतो. म्हणून सुवास सुटलेले, पण दाबल्यास घट्ट लागणारे जांब निवडावेत. दोन-तीन किंचित कच्चे मिसळल्यास उत्तम.

एक किलो जांब धुऊन, चिरून, जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजवावेत. साल काढू नये. नंतर गर चाळणीतून घासून बिया वेगळ्या कराव्यात. मिक्सर लावायचा मोह टाळलेला बरा. बिया भरडल्या गेल्या, की वडी कचकच लागते. निघालेला गर तोलून त्याच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर आणि दोन लिंबांचा रस घ्यावा. जाड बुडाच्या पातेल्यात गर व साखर एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळत राहावे. यास पाऊण ते एक तास लागतो. मिश्रण दाटू लागले, की त्याचे शिंतोडे उडतात आणि ते कातडीला चिकटून उकळत्या पाण्यापेक्षा अधिक भाजतात. लांब दांड्याचा कालथा घ्यावा, हाताला फडके गुंडाळावे आणि मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे.

लिंबाचा रस गर दाटल्यावर, शेवटच्या टप्प्यात घालावा. गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला, की एक थेंब थंड पाण्यात टाकून पाहावा. तो न विरघळता त्याची मऊ गोळी झाली, तर वडी तयार समजावी. तूप लावलेल्या ताटात मिश्रण अर्धा इंच जाडीने थापून रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी कापावे.

पांढऱ्या गराच्या ‘सरदार’ जातीची वडी सोनेरी-तपकिरी होते. (या जातीला लखनौ-४९ म्हणतात खरे, पण तिची निवड झाली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या केंद्रात.) गुलाबी गराच्या जांबांची वडी आपोआपच लालसर दिसते. दुकानातल्या वड्यांचा भडक लाल रंग बहुधा वरून घातलेला असतो. घरी त्याची गरज नाही. जांबातील ‘क’ जीवनसत्त्वाचा बराच भाग एवढ्या आटवण्यात नष्ट होतो आणि साखर तर निम्म्याहून अधिक असते. तेव्हा पौष्टिक म्हणून मुलांना मूठभर देण्याचा हा पदार्थ नव्हे.

नागपूरकर म्हणून संत्र्याची अशी वडी करण्याचा विचार मनात येणारच. मात्र संत्र्याचे पेक्टिन मुख्यतः सालीच्या आतील पांढऱ्या भागात असते. नुसता रस आटवून पाक होतो, वडी बसत नाही. किसलेली साल शेवटच्या पाच मिनिटांत जांबाच्या गरात घातली, तर स्वाद चांगला उतरतो. कापलेल्या वड्या साखरेत घोळवून, थरांमध्ये बटरपेपर घालून, कोरड्या डब्यात भराव्यात. ओला हात लागला नाही, तर फ्रिजमध्ये त्या दोन-तीन महिने सहज राहतात. मार्चनंतर मात्र बाहेर ठेवू नयेत.