मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पुण्याची डिव्हिजन

पहिल्या महायुद्धाचे नाव काढले की फ्रान्समधला चिखल, खंदक आणि जर्मन तोफा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. शाळेच्या पुस्तकातही तेवढेच असते. पण हिंदी माणूस सर्वांत मोठ्या संख्येने गेला तो फ्रान्सला नव्हे. तो गेला मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १९१४ ते १९१८ या काळात सुमारे सहा लाख हिंदी माणसे तिकडे पाठवली गेली. त्यातले जवळजवळ निम्मे बंदूक न धरणारे होते. पाणी वाहणारे भिस्ती, आचारी, डोलीवाले, खेचरवाले, मेहतर, हमाल. लष्कराच्या भाषेत यांना ‘फॉलोअर’ म्हणत. यांच्याविषयी कोणी फारसे लिहिलेले नाही.

या मोहिमेत सर्वांत आधी उतरलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. पंजाबी, राजपूत होते, गोऱ्या पलटणी होत्या. महार मात्र लढाऊ शिपाई म्हणून त्यात नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने त्यांची भरतीच बंद केली होती. पुढे माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारण्यात आली आणि युद्धाची गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो!

युद्धाचे मूळ होते तेलात. इंग्रजांचे आरमार कोळशावरून तेलावर येऊ लागले होते आणि इराणी आखाताच्या टोकाशी आबादान येथे तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता. तो राखायचा म्हणून ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून आगबोटी सुटल्या. ६ नोव्हेंबरला फौज फाव येथे उतरली आणि महिना संपण्याच्या आत बसरा शहर हाती आले.

इथे थांबले असते तर भागले असते. पण सहज मिळालेल्या विजयाने अधिकाऱ्यांची भूक वाढली. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबा येथे उघड्या वाळवंटात तीन दिवस लढाई झाली. तिथे मृगजळाचा खेळ असा की, समोरची माणसे पाण्यावर तरंगताहेत की जमिनीवर चालताहेत तेच कळेना. असे सांगतात की, जखमींना न्यायला आलेल्या खेचरगाड्यांचा धुरळा मृगजळातून तुर्कांना नव्या फौजेसारखा दिसला आणि ते मागे हटले. त्यांच्या सेनापतीने पराभवानंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्यानंतर जनरल टाउनशेंड पुणे डिव्हिजन घेऊन तैग्रिस नदीच्या काठाने वर वर निघाला. अमारा घेतले, सप्टेंबरात कूत घेतले. उन्हाळ्यात तिथे पारा पन्नास अंशांजवळ जातो. रस्ते नाहीत, रेल्वे नाही, सगळा भरवसा नदीवरच्या बोटींवर, आणि त्याही अपुऱ्या. तरीही हुकूम आला, बगदाद घ्या. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे घनघोर लढाई झाली. इंग्रजांकडचे चार हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले.

जखमींचे जे झाले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्यांना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणले. ज्या गाड्यांत धान्याची पोती न्यायची, त्यात हाडे मोडलेली माणसे. मग बोटींवर कोंबून बसऱ्याला रवाना केले. अशी एक बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर नावाचा डॉक्टर धक्क्यावर उभा होता. लांबून त्याला वाटले, बोटीच्या कडेला दोर लोंबत आहेत. जवळ आल्यावर दिसले की ती वाळून लोंबणारी विष्ठा होती. उठता न येणारी माणसे दिवसचे दिवस तशीच पडून होती. कार्टरने वर तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. पण तो गप्प बसला नाही. पुढे चौकशी आयोगापुढे त्याने हे सगळे सांगितले. १९१७ मध्ये आयोगाचा अहवाल बाहेर पडला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

कूतचा वेढा

टेसिफोनहून मागे हटलेली डिव्हिजन ३ डिसेंबरला कूतला पोहोचली आणि चारच दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. हा वेढा १४७ दिवस चालला. आत लष्कराची सुमारे तेरा हजार माणसे आणि सहा हजारांच्या आसपास गावकरी.

टाउनशेंडने सुरुवातीला कळवले की, धान्य थोडेच दिवस पुरेल. त्यामुळे बाहेरून सोडवायला येणाऱ्या फौजेने पुरेशी तयारी न करता घाईघाईने हल्ले केले. नंतर गावात झडती घेतल्यावर धान्याचे लपवलेले साठे सापडले! पण तोपर्यंत बाहेर माणसे मरून गेली होती. आतल्या तेरा हजारांना सोडवण्यासाठी बाहेरची तेवीस हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. कोठीतले धान्य आधी नीट मोजावे, ही गोष्ट घरातल्या बाईलाही सांगावी लागत नाही.

उपासमार वाढली तशी घोडी आणि खेचरे कापून खायची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी अनेकजण एप्रिल उजाडेपर्यंत तयार झाले नाहीत. त्याची किंमत शरीराने मोजली. ताजे अन्न नसल्यामुळे हिंदी लोकांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, साध्या जखमा भरेनात. गोऱ्या शिपायांना मांसामुळे स्कर्व्ही कमी झाला, पण त्यांना बेरीबेरीने गाठले, कारण ते पांढऱ्या मैद्याची पाव-बिस्किटे खात. आपल्या लोकांच्या वाट्याला कोंड्यासकट दळलेला आटा होता, म्हणून बेरीबेरी त्यांच्याकडे फिरकली नाही. मैदा संपून गोऱ्यांनाही जाडेभरडे पीठ मिळू लागले तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरली. भाकरी पांढरीशुभ्र हवी असा हट्ट धरणाऱ्या घरांत हे जरूर वाचून दाखवावे.

शेवटी विमानांतून धान्याची पोती टाकली. वेढ्यातल्या फौजेला विमानातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न. काही पोती नदीत गेली, काही तुर्कांच्या खंदकात. मग तुर्कांना दहा लाख पौंड, पुढे वीस लाख पौंड देऊ केले. त्यांनी ते नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले.

त्यानंतर दोन वाटा झाल्या. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवले. कैदेत असतानाच त्याला ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९२० मध्ये तो पार्लमेंटात निवडून आला. त्याचे शिपाई मात्र वाळवंटातून पायी हाकलले गेले. समारा, मोसूल, रास-अल-ऐन. तहानेने, हगवणीने, चाबकाने माणसे वाटेत पडत गेली. जे पोहोचले त्यांना रेल्वेच्या कामावर जुंपले. गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून अधिक परत आले नाहीत. हिंदी लोकांतले हजारो मेले. पकडलेल्यांत तीन हजारांवर फॉलोअर होते. त्यांनी एक गोळी झाडलेली नव्हती.

मार्च १९१७ मध्ये जनरल मॉडने बगदाद घेतले आणि त्याच वर्षी तो कॉलऱ्याने मेला. आज बसऱ्याजवळ या मोहिमेतल्या चाळीस हजारांवर मृतांचे स्मारक आहे. १९२९ मध्ये ते उभे राहिले. गोऱ्यांची त्यावर नावे आहेत. हिंदी लोकांतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावे, आणि साध्या शिपायांचे पलटणीच्या नावापुढे केवळ आकडे. इतके मेले, एवढेच. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचे मान्य केले आणि ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आपल्याकडे काही घरांत जुन्या पत्र्याच्या पेटीत आजोबा-पणजोबांचे बिल्ले असतात. या युद्धाच्या मेडलवर एका बाजूला राजाचे डोके आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असतो. शिपायाला ते चांदीचे मिळाले, मजूर तुकड्यांतल्या आणि नोकरवर्गातल्या पुष्कळांना ब्राँझचे. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात ज्याचे त्याचे नाव, नंबर आणि तुकडी कोरलेली असते. घरात असे काही असेल तर ते मोडीत घालू नका. चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. कड उजेडात धरून मुलांकडून वाचून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा.