पांढऱ्या वाळूचे कारखानदार

समजा तुम्ही एका प्रवासी जहाजातून कॅरिबियन समुद्राच्या सफरीला निघाला आहात. सकाळी जाग येते तेव्हा जहाज ग्रँड केमन बेटाजवळ उभे असते. क्यूबाच्या दक्षिणेला असलेले हे ब्रिटिश अमलाखालचे लहानसे बेट. येथे मोठी प्रवासी जहाजे लागतील असा धक्का नाही. म्हणून लहान होड्या उतारूंना किनाऱ्यावर नेतात. जवळच ‘सेव्हन माइल बीच’ ही प्रसिद्ध पुळण आहे. नाव सात मैलांचे, पण लांबी तेवढी भरत नाही! संध्याकाळी जहाज सुटेपर्यंत पोहायचे आणि वाळूत पडून राहायचे, एवढेच काम. पण डोळे उघडे ठेवले तर या आरामाच्या दिवसातही बरेच काही शिकता येते.

प्रथम नकाशा पाहा. हे बेट सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपली मुंबईही जवळजवळ त्याच अक्षांशावर! दोन्ही ठिकाणी मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. मग आपल्या किनाऱ्यावरची वाळू बहुतेक काळसर-तपकिरी आणि तेथली पिठासारखी पांढरी, असे का?

वाळू कशाची झिजून झाली, यात याचे उत्तर आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झिजतो. त्याचे कण नद्या समुद्रात आणतात आणि लाटा ते किनाऱ्यावर पसरतात. ग्रँड केमनवर ना उंच डोंगर, ना एकही नदी. मग तेथे वाळू आणतो कोण? ती सजीव तयार करतात!

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली प्रवाळांचे खडक आहेत. प्रवाळ हे इवलेसे प्राणी. ते समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट घेऊन आपले सांगाडे उभारतात. हॅलिमेडा नावाचे हिरवे शैवालही आपल्या अंगात हाच चुना साठवते. ते मेले की त्याचे तुकडे पांढरे कण होऊन उरतात. त्यात शंख-शिंपल्यांचा चुरा मिसळतो.

या कारखान्यात एक गिरणीही आहे. ती म्हणजे पोपटमासा. पोपटासारखी चोच असलेला हा मासा शैवाल खाण्यासाठी प्रवाळखडक खरवडतो. घशातल्या दातांनी दगडाचे पीठ करतो, अन्न पचवतो आणि उरलेली बारीक वाळू विष्ठेवाटे बाहेर टाकतो. पोपटमाशांच्या काही मोठ्या जातींचा एकेक मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या मऊ वाळूवर प्रवासी अंग टाकून पडतात, तिचा काही भाग माशाच्या पोटातून आलेला असतो. आहे की नाही गंमत!

ही वाळू पांढरी असल्याने बरेचसे ऊन परतवते. म्हणून ती काळ्या वाळूइतकी पोळत नाही. मात्र कोरडी वाळू अतिनील किरणांपैकीही सुमारे १५ टक्के परत फेकते. म्हणून छत्रीखाली बसूनही कातडी भाजते. पाणी एवढे शांत का, याचेही कारण आहे. तेथे व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि ही पुळण बेटाच्या पश्चिमेला, म्हणजे आडोशाला आहे. भरती-ओहोटीतला फरकही अर्ध्या मीटरच्या आत. मुंबईला तो चार-पाच मीटरपर्यंत जातो!

पण हा कारखाना आता अडचणीत आहे. याच बेटाजवळच्या एका पाहणीचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. एका प्रवासी जहाजाने एक दिवस नांगर टाकला, तेवढ्याने ३,१५० चौरस मीटर प्रवाळखडक उद्ध्वस्त झाला होता. तो पूर्ववत व्हायला ५० वर्षांहून अधिक काळ लागेल, असा अंदाज होता. एक दिवसाची मौज आणि पन्नास वर्षांचे नुकसान! पुढे २०२३ साली कॅरिबियन समुद्र नेहमीपेक्षा फार तापला. प्रवाळांच्या अंगात राहून त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले निघून गेली आणि प्रवाळ पांढरे पडले. असे फार दिवस राहिले तर प्रवाळ मरतात. शिवाय पुळणीच्या दक्षिण टोकाला पाण्याच्या फार जवळ इमारती व भिंती उभ्या राहिल्या. भिंतीवर आपटून परतणारी लाट वाळू ओढून नेते. तेथे काही ठिकाणी आता पुळणच उरलेली नाही. नवी वाळू तयार होण्याचा वेग मंद. गेलेली चटकन भरून येत नाही.

तुम्हाला केमनला जाण्याची गरज नाही. एखाद्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू आणा आणि भिंगातून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसून बुडबुडे येतील ते कण बहुतेक शंख-शिंपल्यांचे. तो वायू कार्बन डायऑक्साइड. जे स्वस्थ राहतील ते बहुधा डोंगरातले. आपल्या किनाऱ्याची वाळू कोणी तयार केली, ते तीच तुम्हाला सांगेल. आणि एकदा ते कळले की तिची एक पाटी उपसतानाही हात थबकेल.