जोत्यापासून लिंटेलपर्यंत

सहा इंची सॉलिड ब्लॉक साधारण पंचवीस किलो भरतो. सोळा इंच लांब, आठ इंच उंच, सहा इंच जाड. तो उचलताना कंबरेत वाकायचं नाही. गुडघे मोडून खाली बसायचं, ब्लॉक पोटाशी धरायचा आणि मग उठायचं. होसकोटेच्या कामावर सकाळचा पहिला धडा हा, आणि तो देतो मेस्त्री. घर बांधायला हात देणाऱ्या संस्थेच्या माणसाचं आम्हा स्वयंसेवकांपुढे स्वागताचं बोलणं चालू असतानाच तो एक ब्लॉक उचलून दाखवतो, खाली ठेवतो आणि एवढंच म्हणतो, ‘निधान.’ सावकाश.

बंगळूरच्या बहुतेक लोकांना होसकोटे माहीत असतं ते पहाटेच्या दम बिर्याणीमुळे. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत हे गाव होतं, हे मराठी माणसाला कधीतरी आठवतं. पण जुन्या मद्रास रस्त्याने कृष्णराजपुरम मागे टाकून इथवर आलं की आधी डोळ्यांत भरतात ती गोदामं. मग लाल माती, नीलगिरीची झाडं, आणि जागोजागी ‘साइट विकणे आहे’चे फलक. चेन्नईकडे जाणारा नवा द्रुतगती मार्ग होसकोट्यापासूनच सुरू होतो. दोबासपेटेकडून येणारा नवा रिंग रोडही इथवर येतो. रस्ते आले की जमिनीचे भाव कुठे जातात हे सांगायला नको. ज्या गोदामांसाठी हे सगळं झालं, तिथे पॅकिंग करणाऱ्या बाईला याच गावात वीस बाय तीस फुटांचा तुकडा विकत घेणं पगारावर शक्य नाही.

आम्ही ज्या घरावर होतो ती बाई अशाच एका गोदामात कामाला जाते. तिच्याकडे जागा होती, कारण तिच्या सासऱ्यांच्या नावे सरकारी वाटपातल्या साइटचं हक्कुपत्र होतं. त्यावर इतकी वर्षं पत्र्याची खोली होती. घर बांधायला संस्थेने हात दिला तो हे पत्र पाहून. पत्र नसतं तर यादीत नावच लागलं नसतं.

स्वयंसेवकांच्या तुकड्या बोलावतात त्या नेमक्या जोतं पूर्ण झाल्यावर आणि लिंटेल, म्हणजे दार-खिडक्यांवरची आडवी तुळई, पडायच्या आधी. पाया इथे ग्रॅनाइटच्या घडीव दगडाचा असतो, आणि त्यात कसर राहिली तर घर खचतं. लिंटेलच्या वर परांची बांधावी लागते, तिथून नवखा माणूस पडू शकतो. मधले सात फूट तेवढे आमच्यासारख्यांच्या हातात देण्याजोगे. जमिनीवर उभं राहून काम करता येतं, आणि ब्लॉक वाकडा बसला तरी माल ओला आहे तोवर काढून पुन्हा लावता येतो. ब्लॉक आणि सांधा धरून हे होतात दहा थर. त्यातलेही एका दिवसात पाचसहाच चढवायचे. खालचा माल ओला असताना वर जास्त वजन आलं तर भिंत ओळंब्यात राहत नाही.

काम कसं चालतं ते सांगतो. मेस्त्री आधी दोन्ही कोपऱ्यांचे ब्लॉक स्वतः लावतो, ओळंबा सोडून तपासतो, मग त्यांच्यामध्ये दोरी ताणतो. यापुढे सगळा कारभार त्या दोरीचा. ब्लॉकची वरची कड दोरीला लागू द्यायची नाही, पण दोरीपासून दूरही ठेवायची नाही. मध्ये जेमतेम एक कागद जावा इतकी फट. थापीने माल पसरायचा, ब्लॉक ठेवायचा, थापीच्या मुठीने दोन ठोके द्यायचे. तिसरा ठोका नवशिक्याचा. त्याने ब्लॉक खाली जातो, आणि मग तो उचलून खालचा माल खरवडून नव्याने घालावा लागतो. मेस्त्री लांबून, पाठमोरा असतानाही, तो तिसरा ठोका ओळखतो.

आपल्याकडे भाजकी वीट बांधकामाआधी पाण्यात चांगली भिजवून घेतात, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते. ब्लॉकचं तसं नाही. तो भिजवून लावला तर सुकताना आकसतो आणि भिंतीला तडे जातात. म्हणून वरून नुसता शिपका मारायचा. आमच्यातला एक उत्साही तरुण पाइप घेऊन निघाला तेव्हा मेस्त्रीने ‘साकु, साकु’, पुरे, पुरे, म्हणून तो बंद करायला लावला. पाणी लागतं ते भिंत झाल्यावर, रोज, निदान आठवडाभर. ते मारायला स्वयंसेवक नसतात. गोदामाच्या पाळीला जायच्या आधी आणि आल्यावर ते काम घरची बाई करते. त्यासाठी टँकरचं पाणी विकत घेते.

घरच्यांनी स्वतःच्या घरावर राबायचं, ही या कामातली अटच आहे. आमची संस्था लहान आणि स्थानिक. पण ही रीत जिने जगभर नेली ती ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात क्लॅरेन्स जॉर्डनने १९४२ मध्ये ‘कॉइनोनिया’ नावाची शेती-वसाहत काढली होती. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र राबायचं, एका पंगतीत जेवायचं, आणि तेही त्या काळच्या दक्षिणेत. तिथे आलेल्या मिलर्ड आणि लिंडा फुलर या जोडप्याने १९७६ मध्ये हॅबिटॅट सुरू केली. घर फुकट द्यायचं नाही, नफाही घ्यायचा नाही. हप्ते परवडतील असे ठेवायचे, आणि आलेल्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचं घर उभं करायचं. भारतात हे काम १९८३ मध्ये खम्ममला सुरू झालं. महाराष्ट्रात ते गाजलं २००६ साली. लोणावळ्याजवळ मळवलीला जिमी कार्टर आले आणि आठवड्याभरात शंभर घरं उभी राहिली. माजी राष्ट्राध्यक्ष तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांची आई लिलियन साठी उलटल्यावर पीस कोअरमधून भारतात आली होती आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत तिने परिचारिकेचं काम केलं होतं. त्यामुळे मळवलीची ती भेट मला केवळ पाहुण्याची वाटत नाही.

सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आलेल्या मराठी मुलांना श्रमदान नवं नाही. पण तिथलं काम सगळ्यांच्या मालकीचं राहतं. इथे तुमच्या घामाच्या शेवटी एका कुटुंबाची खाजगी मिळकत उभी राहते, तिला कडी-कुलूप लागतं, आणि उद्या तुम्ही आलात तर दार वाजवून आत जावं लागतं. काहींना हे खटकतं. मला यातच या कामाची प्रतिष्ठा दिसते. ज्या बाईला आयुष्यभर कुणीही न विचारता आत शिरू शकेल अशा खोलीत राहावं लागलं, तिला दार मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि एक हिशेब उघड मांडायला हवा. आम्ही दहा-बाराजण मिळून दिवसभरात जेवढं काम करतो तेवढं मेस्त्री आणि दोन मदतनीस सहज करतात, जास्त सरळ करतात. तुकडी पाठवणारी कंपनी जी देणगी देते, तिच्यातून सिमेंट, सळई आणि एम-सँड येतं. घराला खरा उपयोग तिचा. आम्ही येतो म्हणून ती देणगी येते, हे खरं आहे, आणि ते मान्य करून काम केलं की हात उगाच मिरवावेसे वाटत नाहीत.

मदतनिसांमधली एक बाई मराठी निघाली. बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातली. आम्ही आपसात बोललेलं ऐकून म्हणाली, ‘दादा, माल कडक झालाय तुमचा, जरा पाणी सोडा.’ जेवायच्या सुट्टीत रागीमुद्दे आणि सारू वाढून घेऊन आम्ही भिंतीच्या सावलीला बसलो. तिचंही गावी घर चाललंय, पंतप्रधान आवास योजनेतलं. त्या योजनेत सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने. काम कुठवर आलं याचा फोटो चढला की पुढचा हप्ता. ‘लिंटेलपर्यंत आलंय,’ ती म्हणाली. ‘पुढं स्लॅबला पैसा पुरंना. म्हणून इकडं आलाव दोघं.’ नवरा खडी भरायला जातो. रात्री राहायला कामाशेजारी पत्र्याचं शेड. ज्या उंचीवर आमचं काम संपतं, नेमक्या त्याच उंचीवर तिचं घर अडलेलं होतं. मी ताटातलं मुद्दे मोडत राहिलो. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

स्लॅबचा दिवस आम्ही पाहिला नाही, तुकड्यांना तो दाखवत नाहीत. मिक्सर भाड्याने येतो, माणसं वाढतात, आणि सकाळी सुरू केलेलं काँक्रीट मध्ये न थांबता पुरं करावं लागतं. अर्ध्यावर थांबलं तर तिथे जोड राहतो आणि पुढे त्यातूनच पाणी गळतं. म्हणजे तो खर्च हप्त्याहप्त्याने करता येत नाही. भिंत महिनाभर थांबवून पुढे चढवता येते, स्लॅब नाही. गरिबाचं घर लिंटेलवर का अडतं याचं उत्तर इतकं साधं आहे.

तिथे आमच्या हातांचा उपयोग नाही. पण काही घरं जोत्यापर्यंतही पोचत नाहीत. म्हणून मला वाटतं, आमच्यासारख्यांना बोलवायचंच असेल तर जोत्याच्या खालीही बोलवावं. खोदाईला नव्हे, कागदाला. आमच्या तुकडीत सगळे संगणकावर पोट भरणारे. अर्ज, पोर्टल, पासवर्ड हे आमचं रोजचं काम. आणि इथे यादीबाहेर राहिलेली कुटुंबं कशावर अडलेली असतात? ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तूच्या नोंदीवर, फॉर्म नऊ आणि फॉर्म अकरावर. आपल्याकडे गावात घराच्या नमुना आठच्या उताऱ्याचं जे महत्त्व, तेच इथे या कागदांचं. आमच्यातली कन्नड वाचणारी एक सहकारी दुपारनंतर ब्लॉकच्या रांगेतून बाजूला झाली आणि शेजारच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची फाइल घेऊन बसली. हक्कुपत्रावर आजोबांच्या नावापुढे गावाचं आद्याक्षर होतं, आधारवर वडिलांचं. एवढ्यावर अर्ज दोनदा परत आला होता. तिने दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र लिहून काढलं, सोबत कुठले दाखले लागतील याची यादी केली, आणि सोमवारी नोटरीकडे कुणी जायचं ते ठरवूनच उठली. तेवढ्या वेळात आमचे दीड थर झाले होते.