दिग्गजांना घाम फोडणारी मैदाने

१८ जुलै १९९९. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धेचा अखेरचा दिवस. फ्रान्सचा जाँ व्हॅन द वेल्ड शेवटच्या होलवर आला तेव्हा त्याच्याकडे तब्बल तीन फटक्यांची आघाडी होती. चार फटक्यांत संपवायच्या या होलवर त्याने सहा घेतले असते तरी विजेतेपद त्याचे होते. मात्र पहिला फटका उजवीकडे भरकटला. दुसरा प्रेक्षकांच्या सज्जावर आदळला, तिथून ओढ्याच्या दगडी काठावर उडाला आणि चेंडू गुडघाभर गवतात जाऊन पडला. तिसरा फटका थेट बॅरी बर्न या ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहिलेला व्हॅन द वेल्ड साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला. अखेर पाण्यातून खेळण्याचा नाद सोडून त्याने दंडाचा फटका पत्करला. पुढचा चेंडू वाळूत गेला आणि सातव्या फटक्यावर होल संपले. आघाडी संपली होती. त्यानंतरच्या चार होलच्या प्ले-ऑफमध्ये स्कॉटलंडच्या पॉल लॉरीने बाजी मारली. त्या सकाळी हाच लॉरी आघाडीपेक्षा दहा फटक्यांनी मागे होता.

या घटनेकडे एका खेळाडूची शोकांतिका म्हणून पाहिले जाते आणि ते चुकीचेही नाही. परंतु त्या आठवड्यात कार्नूस्टीने केवळ त्यालाच पाणी पाजले नव्हते. पहिल्या दिवशी ७१ फटक्यांसह आघाडी घेणारा ऑस्ट्रेलियाचा रॉड पॅम्पलिंग दुसऱ्या दिवशी ८६ फटके घेऊन स्पर्धेबाहेर फेकला गेला. अवघ्या १९ वर्षांच्या सर्जिओ गार्सियाने पहिल्या फेरीत ८९ आणि दुसऱ्या फेरीत ८३ फटके घेतले व त्याला अश्रू आवरले नाहीत. लॉरी जिंकला तोही चार फेऱ्यांत २९० फटक्यांवर, म्हणजे निर्धारित संख्येपेक्षा सहा फटके अधिक घेऊन. जगातले सर्वोत्तम गोल्फपटू जिथे असे हतबल होतात, त्या मैदानात नेमके असते तरी काय?

लांबी म्हणजे काठिण्य नव्हे

गोल्फच्या मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हावे याचा एक आकडा ठरलेला असतो. त्याला ‘पार’ म्हणतात. १९९९ मध्ये कार्नूस्टीचा पार ७१ होता आणि लांबी ७ हजार ३६१ यार्ड, म्हणजे सुमारे पावणेसात किलोमीटर. साहजिकच सामान्य प्रेक्षकाला वाटते, की मैदान जितके लांब तितके अवघड. हौशी खेळाडूपुरते ते खरेही आहे. व्यावसायिकांच्या बाबतीत मात्र हे गणित फसते.

अमेरिकन ओपनच्या दोन स्पर्धा याची साक्ष देतात. २०१३ मध्ये ही स्पर्धा फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबवर झाली. मैदान ७ हजार यार्डांहूनही कमी, आजच्या मानाने चिमुकलेच. तरीही विजेत्या जस्टिन रोझला पारपेक्षा एक फटका अधिक घ्यावा लागला. चार वर्षांनी, २०१७ मध्ये, विस्कॉन्सिनमधील एरिन हिल्सवर ७ हजार ७०० यार्डांहून लांब मैदान आखण्यात आले आणि ब्रुक्स केप्का पारपेक्षा १६ फटके कमी घेऊन जिंकला. मेरियनच्या वाटा अरुंद होत्या. एरिन हिल्सच्या वाटा ऐसपैस होत्या आणि पावसाने जमीन मऊ झाली होती. आजचा आघाडीचा खेळाडू पहिल्याच फटक्यात चेंडू ३०० यार्डांच्या आसपास नेतो. त्याला अंतराची भीती दाखवून काही साधत नाही. भीती दाखवावी लागते ती चुकीच्या जागेची.

गवताची करामत

होलकडे जाणाऱ्या, गवत कापून मऊसूत केलेल्या वाटेला ‘फेअरवे’ आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाढू दिलेल्या दाट गवताला ‘रफ’ म्हणतात. कसलेल्या खेळाडूचे खरे अस्त्र म्हणजे चेंडूला दिलेली उलटी फिरकी. तिच्या बळावर तो दीडशे यार्डांवरून मारलेला चेंडू ध्वजाजवळ टप्पा पडताच थांबवतो. मात्र ही फिरकी मिळायची तर क्लबचे पाते आणि चेंडू यांचा स्वच्छ संपर्क व्हावा लागतो. रफमध्ये या दोहोंच्या मध्ये गवताची पाती येतात. फिरकी मरते, चेंडू किती लांब जाईल याचा अंदाज चुकतो आणि खाली पडल्यावर तो घरंगळत राहतो. गवत फारच दाट असेल तर ते क्लबच्या मानेला विळखा घालते, पाते वळते आणि चेंडू भलतीकडेच जातो.

अर्थात रफ एकटे फारसे नुकसान करत नाही. होलभोवतालची हिरवळ, म्हणजे ‘ग्रीन’, पावसाने भिजून मऊ झाली असेल तर फिरकीविना आलेला चेंडूही तिथे रुतून थांबतो. हीच हिरवळ टणक असेल तर तो पलीकडे निघून जातो. म्हणजेच अरुंद फेअरवे, दाट रफ आणि टणक ग्रीन या तीन सामान्य वाटणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या, की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पहिला फटका दहा यार्ड चुकला, की दुसरा फटका थांबत नाही आणि दुसरा थांबला नाही, की तिसरा अवघड जागेवरून खेळावा लागतो. एका चुकीची वसुली पुढच्या तीन फटक्यांतून होते.

बंकरची, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांची, गोष्टही अशीच उलटी आहे. हौशी गोल्फपटूला त्यांची धडकी भरते. व्यावसायिकाला मात्र ग्रीनलगतच्या दाट गवतापेक्षा चांगली वाळू कितीतरी बरी वाटते, कारण वाळूत चेंडू कसा वागेल हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच स्कॉटलंडच्या किनारी मैदानांवर बंकर खोल आणि उभ्या भिंतीचे असतात. अशा खड्ड्यात पडलेल्या खेळाडूला अनेकदा ध्वजाकडे पाठ करून चेंडू नुसता बाहेर काढण्यावर समाधान मानावे लागते.

हिरवळीचा वेग

चेंडू ग्रीनवर पोहोचला म्हणजे सुटलो, असेही नाही. १९३५ ची अमेरिकन ओपन पिट्सबर्गजवळच्या ओकमाँट क्लबवर झाली. तिथे जीन साराझेनसारख्या नामवंताने हलक्या हाताने टोलवलेला चेंडू घरंगळत ग्रीनच्या बाहेर गेलेला एडवर्ड स्टिम्पसन या प्रेक्षकाने पाहिला. या हिरवळी अवाजवी वेगवान आहेत हे सिद्ध कसे करायचे, असा प्रश्न त्याला पडला आणि त्यातून एक साधे उपकरण जन्माला आले. खाच असलेली लांब पन्हळीसारखी पट्टी हळूहळू उचलायची. ठराविक कोनात ती आली, की चेंडू आपोआप सुटतो. तो सपाट हिरवळीवर जितके फूट धावेल, तितका हिरवळीचा वेग. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने पुढे १९७० च्या दशकात ‘स्टिम्पमीटर’ म्हणून हे साधन स्वीकारले. रोजच्या खेळाच्या क्लबमध्ये हा आकडा आठ-नऊ फुटांच्या घरात असतो. मोठ्या स्पर्धांत तो बारा-तेरा फुटांवर नेला जातो, तर ओकमाँटवर त्याहूनही पुढे.

वेगाला उताराची जोड मिळाली, की चार फुटांचा सोपा फटकाही डोकेदुखी ठरतो. होलच्या वरच्या बाजूने खेळणाऱ्याला चेंडू केवळ स्पर्शाने सोडावा लागतो आणि तो चुकला तर परतीचा फटका पहिल्यापेक्षा लांबचा उरतो. त्यामुळे ग्रीनवर पोहोचणे पुरेसे नसते. ग्रीनच्या योग्य बाजूला पोहोचावे लागते. आयोजक रोज ध्वजाची जागा बदलतात ती याच हिशेबाने. ओकमाँटवर २०२५ मध्ये झालेल्या अमेरिकन ओपनमध्ये रफ सुमारे पाच इंच वाढवले होते. चार दिवसांच्या खेळानंतर पारपेक्षा कमी फटके घेणारा एकच खेळाडू उरला. तो होता विजेता जे. जे. स्पॉन आणि तोही उणे एकवर. विशेष म्हणजे या मैदानावर तळी नाहीत आणि एकेकाळी असलेली हजारो झाडेही क्लबने तोडून टाकली आहेत.

वारा : न दिसणारा प्रतिस्पर्धी

ब्रिटिश ओपन ज्या किनारी मैदानांवर होते त्यांना ‘लिंक्स’ म्हणतात. इथे झाडांचा आडोसा नसतो. वालुकामय जमिनीत पाणी मुरते आणि ती कडक राहते. समुद्रावरून येणारा वारा क्षणोक्षणी बदलतो. कार्नूस्टीच्या वाटा सतत दिशा बदलत जातात, त्यामुळे आता पाठीवर असलेला वारा जरा वेळाने तोंडावर येतो. एकदा अंदाज बांधला आणि दिवसभर त्यावर खेळलो, अशी सोय नाही. इथल्या सोळाव्या होलचा पार अवघा तीन. पण १९७५ चा विजेता टॉम वॉटसन याला प्ले-ऑफसह पाचही फेऱ्यांत तो एकदाही साधता आला नव्हता. तरीही स्पर्धा त्यानेच जिंकली.

वाऱ्यामुळे आयोजकांचेही हात बांधले जातात. लिंक्सवरील हिरवळी ओकमाँटइतक्या वेगवान ठेवल्या, तर थांबलेला चेंडूही वाऱ्याने हलू लागतो. २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजला नेमके हेच झाले आणि खेळ कित्येक तास थांबवावा लागला. झाडांच्या आडोशातील मैदानांवर वाढलेल्या खेळाडूसाठी हे सारे नवीन असते. म्हणूनच भारताच्या शुभंकर शर्माने २०२३ मध्ये रॉयल लिव्हरपूलच्या लिंक्सवर पटकावलेल्या संयुक्त आठव्या स्थानाचे मोल मोठे आहे.

अवघड आणि अन्यायकारक

मग मैदान हवे तितके अवघड करावे काय? इथेच खरा वाद सुरू होतो. १९७४ मध्ये विंग्ड फूट येथे हेल अर्विन पारपेक्षा सात फटके अधिक घेऊन अमेरिकन ओपन जिंकला, तेव्हा खेळाडूंनी ओरड केली. उत्तम खेळाडूंची फजिती करण्याचा हेतू नसून ते कोण आहेत हे ओळखण्याचा आहे, अशा आशयाचे उत्तर तेव्हा संघटनेचे सँडी टेटम यांनी दिले. हे उत्तर आजही निकष म्हणून वापरले जाते. चांगल्या फटक्याला फळ आणि वाईट फटक्याला शिक्षा मिळत असेल, तर मैदान अवघड. दोहोंची गत सारखीच होत असेल, तर ते अन्यायकारक.

ही सीमारेषा किती पुसट असते, ते २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शिनेकॉक हिल्सवर दिसले. अखेरच्या दिवशी सातव्या होलची हिरवळ इतकी सुकली, की उत्तम मारलेला चेंडूही तिच्यावर ठरेना. शेवटी खेळ सुरू असताना, खेळाडूंच्या जोड्यांच्या मधल्या वेळेत, तिच्यावर पाणी मारावे लागले. त्या दिवशी एकालाही पारपेक्षा कमी फटक्यांत फेरी संपवता आली नाही आणि सरासरी ७९ च्या जवळ गेली. २०१८ मध्ये याच मैदानावर तिसऱ्या दिवशी काही ध्वजांच्या जागा प्रमाणाबाहेर कठीण ठरल्याचे संघटनेला मान्य करावे लागले. गवताला एक दिवस पाणी कमी पडले किंवा वारा थोडा वाढला, की कसोटीची थट्टा होते. मैदान राखणाऱ्या कर्मचाऱ्यांवरचे दडपण खेळाडूंपेक्षा कमी नसते, ते यामुळेच.

तेच मैदान, वेगळा निकाल

कार्नूस्टीवर ब्रिटिश ओपन नंतर दोनदा परतली. २००७ मध्ये रफ तितके निर्दय नव्हते. आयर्लंडचा पॅड्रेग हॅरिंग्टन आणि सर्जिओ गार्सिया उणे सातवर बरोबरीत राहिले. शेवटच्या होलवर हॅरिंग्टनने एक नव्हे, दोन वेळा चेंडू बॅरी बर्नमध्ये घातला आणि सहा फटके घेतले. तरीही प्ले-ऑफ त्यानेच जिंकला. २०१८ मध्ये उन्हाळा इतका कोरडा होता, की फेअरवे तपकिरी पडले आणि चेंडू त्यांवर डांबरी रस्त्यासारखा धावू लागला. इटलीचा फ्रान्सिस्को मोलिनारी उणे आठवर विजेता ठरला. अखेरच्या दोन्ही फेऱ्यांत त्याने एकाही होलवर पारपेक्षा जास्त फटका घेतला नाही.

म्हणजे ओढा तोच, बंकर तेच, सोळावे होलही तेच. आकडा मात्र अधिक सहावरून उणे आठवर आला. गवताची उंची, जमिनीचा ओलावा आणि वारा यांनी हा फरक घडवला. मैदानाचे काठिण्य नकाशावर कोरलेले नसते. ते दर आठवड्याला नव्याने घडवले जाते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कर्मचाऱ्याला घडवता येत नाही. तीन फटक्यांची आघाडी असताना व्हॅन द वेल्डने सुरक्षित, छोटे फटके मारले असते, तर ओढ्याचा प्रश्नच आला नसता. नेहमीप्रमाणे आक्रमक खेळण्याचा मोह त्याला नडला. उत्तम मैदान खेळाडूचे कौशल्य तपासते, तसाच त्याचा निर्णयही तपासते. १९९९ मध्ये रडत परतलेल्या गार्सियाने पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील पीजीए स्पर्धेत टायगर वुड्सला अखेरपर्यंत झुंजवले आणि २०१७ मध्ये मास्टर्स जिंकली. मैदान खेळाडूला हरवते ते त्या आठवड्यापुरते. त्या पराभवातून काय शिकायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.