जी ७१ आणि सेटरच्या खिशातली किल्ली

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुक्यांत सोयाबीन आहे, तूर आहे. कारखानदारी मात्र नावापुरतीच. म्हणून रिसोड, मानोरा, मंगरुळपीरकडचा आयटीआय झालेला टर्नर बॅग भरतो आणि चाकण, भोसरी नाहीतर वाळूज गाठतो. तिथे त्याला सीएनसी मशीनवर उभे करतात. जॉब चकमध्ये लाव, दार बंद कर, हिरवे बटण दाब. दोन वर्षांत त्याचा हात बसतो. मग कंत्राट संपते, दुसऱ्या कंपनीत जावे लागते आणि तिथल्या मशीनवर फानुकऐवजी सिमेन्सचा कंट्रोल असतो. दोन वर्षांचा अनुभवी माणूस एका दिवसात पुन्हा हेल्पर होतो!

असे का व्हावे? मशीन तेच, लोखंड तेच, टूलही तेच. बदलते ती भाषा. संख्यांच्या हुकमावर चालणारे मशीन अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९५२ साली दाखवले. पुढे जी आणि एम या अक्षरांच्या कोडला आयएसओ ६९८३ हे प्रमाण मिळाले. जी ०० म्हणजे झपाट्याने जाणे, जी ०१ म्हणजे सरळ रेषेत कापणे, जी ०२ आणि जी ०३ म्हणजे गोलाई. एवढे बहुतेक ठिकाणी सारखे. पण प्रमाणात काही आकडे मोकळे राहिले आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या मर्जीने भरले. कष्टकऱ्याची अडचण तिथून सुरू होते.

जी ७१ घ्या. फानुकच्या लेथवर ही रफिंगची सायकल. टर्नरचे अर्धे काम तिच्यावर चालते. सिमेन्सच्या स्वतःच्या भाषेत जी ७१ म्हणजे फक्त ‘मापे मिलिमीटरमध्ये आहेत’. रफिंगसाठी तिथे जुन्या कंट्रोलवर सायकल ९५, नव्यावर ९५२. फानुकची ओळ तशीच टाकली तर मशीन बहुधा अलार्म देऊन थांबेल. थांबले ते बरेच झाले म्हणायचे.

धोका आहे तो अलार्म न देणाऱ्या चुकांचा. फानुकवर पॅरामीटर तसा ठेवलेला असेल तर दशांश चिन्हाशिवाय लिहिलेले एक्स १०० म्हणजे शंभर मायक्रॉन, मिलिमीटरचा दहावा भाग. सिमेन्सवर तेच एक्स १०० म्हणजे पुरते शंभर मिलिमीटर. एका टिंबाने टूल कुठल्या कुठे जाते. मिलिंगवर जी ९० म्हणजे मापे शून्यापासून मोजणे. फानुकच्या नेहमीच्या लेथवर तीच कापण्याची सायकल आहे. त्याच लेथवर जी ९९ दिला की फीड दर फेऱ्याला मोजला जातो, जी ९८ दिला की दर मिनिटाला. सिमेन्सवर यासाठी जी ९५ आणि जी ९४. मिनिटाच्या हिशेबाने लिहिलेला फीड २०० जर मशीनने फेऱ्याच्या हिशेबाने वाचला, तर टूल फेऱ्यागणिक २०० मिलिमीटर पळू पाहील.

सर्वांत गंभीर गोष्ट स्पिंडलच्या वेगाची. जी ९६ दिला की कापण्याचा वेग कायम राखण्यासाठी, व्यास कमी होत जाईल तसे मशीन चक अधिकाधिक जोरात फिरवते. त्याला लगाम म्हणून फानुकच्या लेथवर जी ५० आणि कमाल फेरे लिहितात. सिमेन्सवर हा लगाम ‘लिम्स’ या शब्दाने घालतात. नव्या कंट्रोलवर लगाम घालायचा राहिला आणि मशीनमध्येही मर्यादा जास्तच ठेवलेली असली, तर जड जॉब चकमधून निसटू शकतो. समोर उभा असतो तो कंत्राटी ऑपरेटर. कोडमधला हा फरक त्याला समजावून सांगणे ही मालकाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे.

पण समजावतो कोण? प्रोग्रॅम बदलण्याचे कुलूप कंट्रोलवर असते आणि त्याची किल्ली सेटरच्या खिशात. सुरक्षेसाठी ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की बटण दाबणाऱ्याला स्क्रीनवरची ओळ वाचायलाही कुणी शिकवत नाही. ज्याचा मामा, काका कारखान्यात आहे तो घरबसल्या शिकतो. ज्याच्या घरात मशीनसमोर उभी राहिलेली ही पहिलीच पिढी, त्याने कुणाला विचारायचे?

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा म्हणे विटाळ होई. १९२८-२९च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. व्हाइसरॉयला १९४२ मध्ये दिलेल्या निवेदनातही त्यांनी विज्ञान आणि तांत्रिक शिक्षणासाठी मदत मागितली होती. कुठल्या मशीनपर्यंत कोणाचा हात पोहोचतो, यावर मजुरी ठरते. ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर या तीन पायऱ्यांचे आजही तेच आहे.

म्हणून आयटीआयकडे मागणी करायची ती नुसती ‘सीएनसी शिकवा’ अशी नको. एकच जॉब दोन कंट्रोलवर लिहून दाखवा, अशी करावी. सिम्युलेटरवर हे जमते. त्याला लोखंड लागत नाही की टूल मोडत नाही. एकदा दोन भाषा पाहिल्या की मुलाच्या लक्षात येते की पाठ करायचे ते कोड नव्हेत. जॉबचा शून्य कुठे धरला, टूल कुठून आत येणार, किती खोल कापणार, कुठून बाहेर पडणार हे डोक्यात पक्के हवे. कोड काय, मॅन्युअलच्या तक्त्यात सापडतात.

दुसरे काम आपले आपणही करू शकतो. १४ एप्रिलला चाकण-वाळूजची पोरे गावी येतात. त्यांच्यात सेटर झालेलेही असतात. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी विहारात दोन तास बसून त्यांनी मराठीत एक तक्ता करावा: डावीकडे काम, मधे फानुक, उजवीकडे सिमेन्स. खाली नव्या मशीनवरची पहिल्या पाळीची रीतही लिहावी. आधी कोडचा तक्ता मागून घ्यायचा, दशांश तपासायचे, स्पिंडलचा लगाम पाहायचा, जॉब न लावता प्रोग्रॅम एकदा हवेत चालवायचा. मग सिंगल ब्लॉक चालू करून, फीडचे बटण शून्याजवळ ठेवून एकेक ओळ पुढे न्यायची. एक हात फीडवर आणि दुसरा लाल बटणापाशी. सुपरवायझर घाई करू लागला तरी पहिला जॉब असाच काढायचा.