थेंबाचा हिशेब ठेवणारे मोठे भाऊ

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात पहाटेपासून मालमोटारी रिकाम्या होऊ लागतात. मुंबईच्या दाणाबंदरातून येथे स्थलांतरित झालेल्या पेढ्यांत जैन कुटुंबांची संख्या मोठी आहे. गादीवर बसणाऱ्या नव्या पिढीला डाळीचा भाव आणि प्रत नजरेने कळते. परंतु तुरीला फुलोरा केव्हा येतो, हे विचारले तर ती संभ्रमात पडते. पुष्कळ घरांची मूळ गावी थोडीफार शेतजमीन अजून आहे. दिवाळीला सर्व भावंडे एकत्र आली की ती विकावी की ठेवावी, हा विषय निघतोच. अशा वेळी घरातल्या एखाद्या शेतीवेड्या आजोबांची आठवण हमखास निघते. व्यापारी घरात जन्मून मातीत रमलेल्या अशा कुटुंबप्रमुखांमध्ये जळगावचे पद्मश्री भवरलाल हिरालाल जैन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

भवरलालजींचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी जळगाव जिल्ह्यातील वाकोद या गावी झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, वाघूर नदीच्या काठी हे गाव वसलेले आहे. राजस्थानातून पोटापाण्यासाठी खानदेशात आलेल्या या घराण्याने व्यापाराबरोबर शेतीही धरून ठेवली होती. मुंबईत वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांना सरकारी अधिकारपदाची संधी चालून आली. त्या काळी अशी नोकरी म्हणजे कुटुंबाची प्रतिष्ठा होती. तरीही आईच्या सल्ल्याने त्यांनी ती नाकारली. माणसांबरोबर पशुपक्ष्यांचेही ज्यात भले होईल असे काही कर, असा त्या माउलीच्या सांगण्याचा आशय होता.

१९६३ साली घराची साठवलेली सात हजार रुपयांची पुंजी घेऊन त्यांनी केरोसीनच्या विक्रीने व्यवसायास आरंभ केला. पुढे ट्रॅक्टर, बियाणे, खते, पाइप अशा शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी एकेक करून आल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी बनवणारा बंद पडलेला कारखाना तीस लाख रुपयांना घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्याचे ठरवले. कच्च्या पपईवर चिरा पाडून तो चीक गोळा करावा लागे. साहजिकच शेतकऱ्याला विश्वासात घेतल्यावाचून हा धंदा उभा राहणे शक्य नव्हते. बांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोलण्याची भवरलालजींची सवय येथे कामी आली.

त्यांचे खरे जीवितकार्य मात्र ठिबक सिंचनाचे. पाटाने पाणी दिले की त्यातील बराच भाग वाफेने उडून जातो किंवा मुळांच्या खाली झिरपतो. नळीवाटे थेंब थेंब पाणी मुळांशीच दिले, तर तेवढ्याच विहिरीवर अधिक क्षेत्र भिजते. परदेशात रुळलेले हे तंत्र खानदेशच्या दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला पेलेल अशा रूपात आणण्याचे काम त्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतले. पुढे ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांचीही त्याला जोड मिळाली.

जैन वाचकाला या कार्यात एक निराळा अर्थ जाणवेल. आपल्या शास्त्राने पाण्यालाच जीव मानले आहे. अप्काय जीवांची विराधना टळावी म्हणून पाणी तुपासारखे वापरावे, ही घरोघरच्या वडीलधाऱ्यांची शिकवण. भगवान ऋषभदेवांनी असि आणि मषि यांच्याबरोबर कृषीही शिकवली, असे परंपरा सांगते. तरीही नांगराखाली होणाऱ्या हिंसेच्या भीतीने समाजाचा मोठा भाग शेतीपासून दूर राहिला. भवरलालजी त्या शेतीच्या जवळ गेले आणि तिच्यात थेंबाथेंबाचा संयम आणला.

या वाटचालीत एक ठेचही लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांचा उद्योगसमूह वित्त, संगणक अशा शेतीबाहेरच्या क्षेत्रांत शिरला आणि मोठ्या तोट्यात सापडला. आपली चूक त्यांनी भागधारकांपुढे जाहीरपणे कबूल केली, ते उद्योग आवरते घेतले आणि पुन्हा शेतीवरच लक्ष केंद्रित केले. खतावणीत नुकसान लपवणारे पुष्कळ असतात. ते स्वतःच्या नावे टाकणारा विरळा. व्यापारी घरांनी मुलांना आवर्जून सांगावा, असा हा प्रसंग आहे.

जळगावजवळच्या उघड्याबोडक्या, खडकाळ टेकड्यांवर त्यांचा विशेष जीव होता. उतारावर बांध घातले, पावसाचे पाणी अडवले, तळी केली, झाडे लावली. आज जैन हिल्स या नावाने ओळखला जाणारा तो परिसर हिरवागार आहे. शेतकरी तेथे प्रत्यक्ष पीक पाहून शिकतात. २०१२ मध्ये तेथेच गांधीतीर्थ हे संग्रहालय उभे राहिले. पळसखेडचे शेतकरी कवी ना. धों. महानोर हे त्यांचे जिवलग मित्र. पाऊस आणि पीकपाणी हा या मैत्रीतला समान धागा होता. पत्नी कांताबाई यांच्या निधनानंतर त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहून सहजीवनाचे ऋण व्यक्त केले.

२००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरी घरात, कारखान्यात आणि शेतकऱ्यांत ते अखेरपर्यंत ‘मोठे भाऊ’च राहिले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. अशोक, अनिल, अजित आणि अतुल या चारही चिरंजीवांनी वडिलांचा उद्योग पुढे चालवला.

प्रत्येक घराला अशी उंची गाठता येणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु पुढील दिवाळीला गावाकडच्या जमिनीची गोष्ट निघेल, तेव्हा कागदावर सही करण्यापूर्वी नातवंडांना एकदा त्या बांधावर घेऊन जावे. आजोबांनी लावलेला आंबा, त्यांनी खणलेली विहीर त्यांना दाखवावी. ज्या मालावर पेढी उभी आहे तो कोठून येतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जमिनीचा निर्णय त्यानंतर व्हावा.