सामना एक, सहल सगळ्यांची

अमेरिकेत लेकीकडे किंवा मुलाकडे गेलं, की कधीतरी बेसबॉलचा बेत निघतो. नातू हरखतो, आजीला त्या खेळात काही कळत नाही. मग सहल कुणाची? हे आधी ठरवलं, तर दिवस सगळ्यांचा होतो.

बॉस्टनचंच पाहा ना. तिथलं फेनवे पार्क १९१२ सालचं. मोसमात संघाचे १६२ सामने, त्यांतले निम्मे घरच्या मैदानावर. म्हणून आधी वेळापत्रक पाहावं, मग विमानाचं तिकीट काढावं. पावसानं सामना रद्द झाला, तर तिकीट पुढच्या तारखेला चालतं. पण पाहुणे तोवर परतलेले असतात! तेव्हा सामना मुक्कामाच्या अखेरच्या दिवशी ठेवू नये.

सोबत लहान मूल असेल, तर दुपारचा सामना बरा. गाडी घरीच ठेवावी; ग्रीन लाइननं केनमोरला उतरलं, की मैदान चालत काही मिनिटांवर. खेळाचे डाव नऊ. २०२३ पासून चेंडूफेकीला घड्याळ लागलं, त्यामुळे सामना साधारण पावणेतीन तासांत आटोपतो.

चार किलोमीटरची फ्रीडम ट्रेल आणि पब्लिक गार्डनमधल्या, १८७७ पासून चालणाऱ्या हंसनौका दुसऱ्या दिवसासाठी राखाव्यात. तो दिवस आजीचा.

आणि सामन्यात आठव्या डावाच्या मध्यंतराला सारं मैदान एका सुरात गाऊ लागतं. तिथे खेळ न कळणाऱ्यालाही टाळ्या वाजवता येतात.